संगणकाचे कुलूप आणि त्याची किल्ली
दवाखाना व औषधी दुकानातील माहितीचे रक्षण

गेल्या दोन-अडीच दशकांत वैद्याच्या टेबलावर खलबत्त्याच्या शेजारी संगणक येऊन बसला आणि आता तो तेथून हलेल असे वाटत नाही. रुग्णाचे केसपेपर, पंचकर्माच्या नोंदी, औषधांचा साठा, बिले, जीएसटीची विवरणपत्रे हे सर्व एका लहानशा डिस्कवर साठविले जाते. रसशाळेतील भस्माची बरणी कोठे ठेवावी, तिला बूच कसे लावावे, कोणी हात लावावा याचे नियम आपण कटाक्षाने पाळतो. परंतु ज्या डिस्कवर हजारो रुग्णांचा विश्वास साठविलेला आहे, तिच्या रक्षणाचा विचार आपण संगणक दुरुस्त करणाऱ्या मुलावर सोपवून मोकळे होतो. प्रस्तुत लेखात डिस्क एन्क्रिप्शन आणि सॉफ्टवेअर बसविण्याची शिस्त या दोन विषयांची व्यवहारोपयोगी माहिती व्यवसायबंधूंसमोर ठेवण्याचा प्रयत्न केला आहे. मी संगणकतज्ज्ञ नाही, हे प्रारंभीच नमूद करतो. ठेच लागल्यानंतर जे शिकावे लागले, तेच येथे मांडत आहे.

ठेच कशी लागली?

२०२४ च्या शरद ऋतूतील गोष्ट. जिंतूर तालुक्यातील एका खेड्यातून एककुष्ठाची एक रुग्णा विरेचनासाठी आली होती. सोयाबीनची काढणी घरच्यांवर सोपवून ती बहिणीकडे परभणीस राहिली होती. महातिक्तक घृताचे स्नेहपान सुरू केले. दररोजची मात्रा, स्नेह जीर्ण होण्यास लागलेला काळ व लक्षणे मी लॅपटॉपवर नोंदवीत होतो. तिसऱ्या दिवशी दुपारी विजेच्या दाबात चढउतार झाला व लॅपटॉप बंद पडला. मदरबोर्ड निकामी झाला होता. डिस्क मात्र शाबूत होती. सायंकाळी नवा मदरबोर्ड बसवून लॅपटॉप परत मिळाला.

चौथ्या दिवशी सकाळी तो सुरू करताच निळा पडदा आला व ४८ अंकी ‘रिकव्हरी की’ मागू लागला. असा काही अंक असतो, हेच मला ठाऊक नव्हते. चौकशीअंती कळले की, खरेदीच्या वेळी ज्या मुलाने लॅपटॉप सुरू करून दिला, त्याने सोय म्हणून स्वतःचेच मायक्रोसॉफ्ट खाते त्यात वापरले होते. त्या क्षणी डिस्कचे एन्क्रिप्शन आपोआप सुरू झाले व किल्ली त्याच्या खात्यात जमा झाली. तो मुलगा दुकान सोडून परगावी गेलेला, त्याचा मोबाइल क्रमांक बदललेला व खात्याचा पासवर्ड विस्मरणात गेलेला! ते खाते उघडून ४८ अंक हाती येण्यास अकरा दिवस लागले.

रुग्णेला विचारले, तर कालची मात्रा परवापेक्षा अधिक होती, एवढेच तिला सांगता आले. नेमकी मात्रा व जीर्ण होण्याचा काळ माहीत नसताना पुढील दिवसाची मात्रा ठरविणे मला उचित वाटले नाही. स्नेहपान थांबवावे लागले. शमन चिकित्सा देऊन तिला परत पाठविले. पुन्हा येण्यास तिला फेब्रुवारी उजाडला आणि तोपर्यंत त्वचेची कंडू तिने सोसली. कुलूप मी लावले नव्हते, किल्ली माझ्याकडे नव्हती आणि या दोन्ही गोष्टींची मला कल्पनाही नव्हती. दोष त्या मुलाचा थोडा, माझा अधिक.

डिस्क एन्क्रिप्शन म्हणजे काय?

डिस्कवरील सर्व मजकूर गणिती पद्धतीने अशा रूपात बदलून ठेवणे की, योग्य किल्लीवाचून तो कोणासही वाचता येऊ नये, यास डिस्क एन्क्रिप्शन म्हणतात. आपण काम करीत असताना संगणक लिहिताना मजकूर बदलतो व वाचताना मूळ रूपात आणतो. वापरणाऱ्यास ते जाणवतही नाही.

विंडोजमधील या सोयीचे नाव ‘बिटलॉकर’ असून ती २००७ साली विंडोज व्हिस्टापासून उपलब्ध झाली. विंडोजच्या ‘प्रो’ आवृत्तीत ती पूर्ण स्वरूपात मिळते, तर ‘होम’ आवृत्तीत ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ या नावाने तिचे साधे रूप असते. ॲपलच्या संगणकात ‘फाइलव्हॉल्ट’ व लिनक्समध्ये ‘लुक्स’ या नावाने हीच सोय मिळते. विंडोज ११ च्या २०२४ सालच्या आवृत्तीपासून, नवा संगणक मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केल्यास एन्क्रिप्शन बहुधा आपोआप चालू होते. म्हणजे आपणांपैकी अनेकांच्या टेबलावर, त्यांच्या नकळत, हे कुलूप आज लागलेले असण्याचा संभव आहे.

दररोज किल्ली मागितली जात नाही, याचे कारण ‘टीपीएम’ नावाचा भाग होय. हा भाग मदरबोर्डवर अथवा प्रोसेसरमध्ये असतो. संगणक ओळखीचा आहे व त्यात फेरफार झालेला नाही, याची खात्री पटल्यावर तो आतल्या आत किल्ली देतो. मदरबोर्ड बदलला, बायोस बदलले किंवा डिस्क दुसऱ्या संगणकास जोडली, तर ही ओळख तुटते व ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. माझ्या लॅपटॉपचे नेमके हेच झाले.

पासवर्ड असताना एन्क्रिप्शन कशाला?

हा प्रश्न अनेक सहकारी विचारतात. विंडोजचा पासवर्ड हा केवळ दारावरचा पहारेकरी आहे. डिस्क काढून दुसऱ्या संगणकास जोडली की, त्या पहारेकऱ्यास वळसा घालून सर्व फाइली वाचता येतात. यासाठी फार कौशल्य लागत नाही. एन्क्रिप्शन केलेली डिस्क मात्र तशी जोडली, तरी अर्थहीन चिन्हांवाचून काही हाती लागत नाही.

लॅपटॉप चोरीस जाणे, प्रवासात एसटीत वा रेल्वेत विसरणे, दुरुस्तीसाठी दुकानात आठवडाभर पडून राहणे, जुना संगणक भंगारात देणे हे आपल्याकडील नित्याचे प्रसंग आहेत. नुसते फॉरमॅट केल्याने जुना मजकूर नाहीसा झाला, असे समजू नये. तो अनेकदा परत मिळविता येतो. वंध्यत्व, गुह्यरोग, मानसविकार, व्यसन यांच्या नोंदी आपल्याकडे असतात. परभणी, सेलू, गंगाखेड यांसारख्या गावांत एकाची सोयरीक दुसऱ्याच्या ओळखीतून जुळते. तेथे एक केसपेपर बाहेर पडला, तर एखाद्या मुलीचे लग्न मोडू शकते. रुग्णाच्या घरातील गोष्टी बाहेर सांगू नयेत, हा उपदेश चरकसंहितेच्या विमानस्थानात, आठव्या अध्यायात, शिष्यास केलेला आहे. एन्क्रिप्शन हे त्याच उपदेशाचे आजचे साधन होय.

किल्ली कोणाच्या हाती?

वत्सनाभ शोधनाने औषध होतो व अशुद्ध राहिला तर प्राण घेतो. एन्क्रिप्शनचेही तसेच आहे. किल्ली आपल्या हाती असेल तर ते रक्षण, दुसऱ्याच्या हाती असेल तर अडवणूक, आणि कोणाच्याच हाती नसेल तर सर्वनाश. खंडणीखोर ज्या ‘रॅन्समवेअर’ने रुग्णालयांना वेठीस धरतात, तेही एन्क्रिप्शनच असते. फक्त किल्ली त्यांच्याकडे असते. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्स रुग्णालयाचे सर्व्हर अशाच हल्ल्यात बंद पडले व अनेक दिवस बाह्यरुग्ण नोंदणी, अहवाल व बिले हातानेच लिहावी लागली.

म्हणून प्रथम किल्ली, नंतर कुलूप, हा क्रम कधीही चुकवू नये. विंडोज ११ मध्ये ‘सेटिंग्ज’, त्यात ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, त्यात ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ येथे कुलूप लागले आहे किंवा नाही, हे दिसते. प्रो आवृत्तीत कंट्रोल पॅनेलमधील ‘बिटलॉकर ड्राइव्ह एन्क्रिप्शन’ येथे रिकव्हरी कीची प्रत काढण्याची सोय आहे. ती प्रत कागदावर छापावी. त्यावर संगणकाचे नाव व ‘की आयडी’ लिहावा, कारण दोन-तीन संगणक असल्यास कोणती किल्ली कोणाची, हे त्यावरूनच कळते. एक प्रत घरच्या कपाटात व दुसरी बँकेच्या लॉकरमध्ये असावी. त्याच संगणकावर किल्ली साठविणे म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरीतच ठेवणे होय. तसेच तिचे छायाचित्र कोणाच्याही व्हॉट्सॲपवर पाठवू नये.

सॉफ्टवेअर बसविणे : अयोग, मिथ्यायोग व अतियोग

कुलूप कितीही उत्तम असले, तरी संगणक चालू असताना ते उघडेच असते. त्या काळात रक्षण होते ते सॉफ्टवेअर वेळेवर, योग्य ठिकाणाहून व योग्य क्रमाने बसविल्याने. येथे होणाऱ्या चुका आपल्या परिभाषेतील तीन योगांत उत्तम प्रकारे मांडता येतात.

*अयोग*, म्हणजे सुधारित आवृत्ती बसवितच नाही. मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील एक छिद्र बुजविणारी दुरुस्ती १४ मार्च २०१७ रोजी दिली. दोन महिन्यांनी, १२ मे रोजी, ‘वॉनाक्राय’ने त्याच छिद्रातून जगभर शिरकाव केला व ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतील अनेक रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. ज्यांनी दुरुस्ती वेळेत बसविली होती, त्यांच्या संगणकांत ते छिद्र उरलेच नव्हते. विंडोज १० ची नियमित सुरक्षा-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. वाढीव सेवेसाठी नोंदणी न करता आजही त्यावर काउंटर चालविणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

*मिथ्यायोग*, म्हणजे बसविले, पण जे आले ते दूषित होते. याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलेच आहे. २७ जून २०१७ रोजी मुंबईजवळील जवाहरलाल नेहरू बंदरातील एक टर्मिनल ठप्प झाले. ते मर्स्क या डॅनिश कंपनीच्या समूहाकडून चालविले जात होते व ‘नॉटपेट्या’ने त्या कंपनीचे जगभरातील संगणक निकामी केले होते. हे विष आले कोठून? युक्रेनमध्ये करविवरणासाठी वापरल्या जाणाऱ्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अद्ययावत आवृत्तीतून! हल्लेखोरांनी मूळ उत्पादकाच्या सर्व्हरमध्येच शिरून ते मिसळले होते. त्या कंपनीस सुमारे ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. सर्व संगणकांची ओळख सांभाळणाऱ्या सर्व्हरची एकच प्रत शाबूत राहिली होती, ती घानामधील कार्यालयात. हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेली होती, म्हणून ती वाचली. भारनियमनाला कंटाळलेल्या आपल्या जिल्ह्याने यातून एक बोध घ्यावा. जी प्रत जोडलेली नसते, तीच वाचते.

उत्पादकाकडूनच विष येणे विरळा. आपल्याकडे अधिक आढळतो तो ‘क्रॅक’ केलेल्या सॉफ्टवेअरचा मिथ्यायोग. दोन-चार हजार वाचविण्यासाठी पेन ड्राइव्हवरून बसविलेली हिशेबाची प्रत म्हणजे भेसळीचे द्रव्य होय. त्यात काय मिसळले आहे, हे विकणाऱ्यासही ठाऊक नसते.

*अतियोग*, म्हणजे सर्व ठिकाणी एकाच वेळी बसविले. १९ जुलै २०२४ रोजी सकाळी, भारतीय वेळेनुसार ९ वाजून ३९ मिनिटांनी, क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीने एक सदोष फाइल आपल्या ग्राहकांस पाठविली. ७८ मिनिटांत ती मागे घेण्यात आली, परंतु तोवर सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले होते. मुंबई व दिल्ली विमानतळांवर आकासा एअरला प्रवाशांची नोंद हाताने करावी लागली. आपल्या देशात हाताने लिहिलेले बोर्डिंग पासही दिले गेले. उपाय वस्तुतः सोपा होता. संगणक सुरक्षित अवस्थेत सुरू करून ती फाइल काढून टाकावयाची. परंतु ज्या डिस्क एन्क्रिप्ट केलेल्या होत्या, तेथे प्रत्येक संगणकासाठी ती ४८ अंकी किल्ली लागली. आणि काही संस्थांच्या किल्ल्या बंद पडलेल्या सर्व्हरवरच होत्या! या घटनेनंतर त्या कंपनीने अशा फाइली टप्प्याटप्प्याने पाठविण्याची पद्धत स्वीकारली. नवे द्रव्य प्रथम अल्प मात्रेत देऊन सात्म्य पाहावे, हे आपण रुग्णाच्या बाबतीत करतोच.

आपल्यासाठी सुलभ क्रम

दोन ते पाच संगणक असलेल्या दवाखान्यास वा दुकानास पुढील क्रम पुरेसा आहे :

१. यादी : प्रत्येक संगणकाचे नाव, विंडोजची आवृत्ती, त्यावरील सॉफ्टवेअर, एन्क्रिप्शन आहे किंवा नाही व रिकव्हरी की कोठे ठेवली आहे, हे एका वहीत लिहावे.

२. खाते : संगणकावरील मुख्य खाते मालकाच्या स्वतःच्या नावे असावे. काउंटरवरील मदतनीसास व आपणांसही दैनंदिन कामासाठी मर्यादित अधिकारांचे वेगळे खाते असावे. त्यामुळे बहुतेक सॉफ्टवेअर मालकाच्या अनुमतीवाचून बसत नाही.

३. प्रत : कोणताही बदल करण्यापूर्वी माहितीची प्रत बाहेरील डिस्कवर घ्यावी, ती उघडून पाहावी व नंतर डिस्क संगणकापासून काढून ठेवावी. ही डिस्कही एन्क्रिप्ट केलेली असावी. अन्यथा पुढचे दार बंद व मागचे उघडे, असे होईल.

४. पूर्वपरीक्षा : नवी आवृत्ती प्रथम कमी महत्त्वाच्या एकाच संगणकावर बसवावी. बिल छापून पाहावे, साठा तपासावा, जुने केसपेपर उघडून पाहावे. दोन-तीन दिवस निर्वेध गेल्यास उरलेल्या संगणकांवर बसवावी. सुरक्षेच्या दुरुस्तीस मात्र आठवड्याहून अधिक विलंब करू नये.

५. काळ : बदल दुकान बंद झाल्यानंतर करावेत. आठवडी बाजाराचा दिवस व विवरणपत्रे भरण्याची ११ व २० तारीख टाळावी. २२ सप्टेंबर २०२५ रोजी आयुर्वेदिक औषधांवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. अशा प्रसंगी थांबता येत नाही, सर्वांनाच एका दिवसात नवी आवृत्ती बसवावी लागते. ज्याची प्रत तयार असते, त्यालाच अशा वेळी निश्चिंत राहता येते.

६. दुरुस्ती : मदरबोर्ड वा बायोस बदलण्यापूर्वी बिटलॉकर ‘सस्पेंड’ करावयास सांगावे व रिकव्हरी की जवळ असल्याची खात्री करावी. संगणक आधीच बंद पडला असल्यास, किल्ली हाती आल्याशिवाय त्यास हात लावू देऊ नये.

मर्यादा

एन्क्रिप्शनकडून अवास्तव अपेक्षा ठेवू नयेत. चालू संगणकात विषाणू शिरल्यास ते थोपवीत नाही. संगणक केवळ झोपविलेला असेल, तर रक्षण अपुरे राहते. म्हणून रात्री तो पूर्ण बंद करावा. डिस्क स्वतःच बिघडल्यास एन्क्रिप्ट केलेली माहिती परत मिळविणे अधिक कठीण होते. म्हणून एन्क्रिप्शन हा प्रतीचा पर्याय नव्हे, उलट प्रतीची आवश्यकता त्याने वाढते. प्रथम एन्क्रिप्शन करताना काही तास लागू शकतात. मध्येच वीज गेली तर बिटलॉकर नंतर पुढे काम सुरू करतो. तरीही यूपीएस असणे व आधी प्रत घेणे इष्ट. टीपीएम नसलेल्या जुन्या संगणकांसाठी ‘व्हेराक्रिप्ट’ हे मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात सुरू करतानाचा पासवर्ड विसरल्यास मात्र कोणीही मदत करू शकत नाही.

कायद्याची बाजू

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ साली संमत झाला व त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. माहिती बाळगणाऱ्यांवरील मुख्य बंधने अधिसूचनेनंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतील, असे त्यात नमूद आहे. सुरक्षेच्या वाजवी उपायांत एन्क्रिप्शन, कोणास काय पाहता येईल यावर नियंत्रण आणि माहितीच्या प्रती यांचा उल्लेख नियमांत आहे. माहिती फुटल्यास मंडळास व संबंधित व्यक्तींस कळविणे बंधनकारक आहे. वाजवी उपाय न योजल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. लहान दवाखान्यास एवढा दंड होईल असे नव्हे, दंड ठरविताना प्रकरणाचे गांभीर्य पाहिले जाते. परंतु ‘आम्हांस ठाऊक नव्हते’ हे उत्तर यापुढे पुरेसे ठरणार नाही. औषधी दुकानदारांनी हेही ध्यानात ठेवावे की, जीएसटीची हिशेबपुस्तके वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपून ठेवावी लागतात. किल्ली हरवली म्हणून ती सादर करता येत नाहीत, असे कोणत्याही अधिकाऱ्यास सांगता येणार नाही.

समारोप

खंडेनवमीस आपण शस्त्रे व यंत्रे पुसून त्यांची पूजा करतो. त्याच दिवशी वही काढून प्रत्येक संगणकाची रिकव्हरी की ठरल्या जागी आहे काय, पडद्यावरील की आयडीशी ती जुळते काय व माहितीची प्रत उघडते काय, हे पाहण्याचा प्रघात मी माझ्या दवाखान्यात सुरू केला आहे. त्यास अर्धा तास लागतो.

ती रुग्णा फेब्रुवारीत परत आली, तेव्हा स्नेहपानाची नोंद मी लॅपटॉपबरोबर तिच्या हातातील कार्डावरही लिहून दिली. सातव्या दिवशी सम्यक् स्निग्ध लक्षणे दिसली व विरेचन यथावकाश पार पडले. जाताना तिने ते कार्ड परत देऊ केले. मी ते तिच्याजवळच ठेवावयास सांगितले.

वाचकांनी हा अंक बाजूला ठेवण्यापूर्वी एवढेच करावे. आपल्या संगणकावर कुलूप लागले आहे काय, हे पाहावे. आणि लागले असल्यास त्याची किल्ली कोणाच्या खात्यात आहे, हे आजच विचारून घ्यावे.